हौसामावशींचे तीन मंगळवार

आमच्या सांगलीच्या दवाखान्यात खुर्च्या रिकाम्या असल्या तरी हौसामावशी भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी मी दोनदा म्हटलं, "मावशी, बसा."

"बसलं की उठवत न्हाई, ताई. ऱ्हाऊ द्या."

माधवनगरच्या एका कारखान्यात यंत्रमागांसाठी सुताच्या कांड्या भरायचं त्यांचं काम, तेही उभ्यानं. डाव्या पोटरीवर शिरा सुतळीच्या गाठींसारख्या फुगलेल्या आणि घोट्याशी वर्षभर न भरलेली जखम.

माझं काम उपचार समजावून सांगायचं. दिवसातून आठ-दहा वेळा तेच. लेझरनं शीर आतून बंद करतात. दुसऱ्या यंत्रात तेच रेडिओ लहरींच्या उष्णतेनं होतं. तिसऱ्यात शीर औषधी डिंकानं चिकटवतात. चौथं फेसाचं इंजेक्शन. त्याला तीन खेपा लागतात आणि मोठी शीर पुन्हा उघडायची भीती जास्त. "चिरफाड नाही, त्याच दिवशी चालत घरी," हे मी मुद्दाम शेवटी सांगते. ते ऐकून लोकांचे चेहरे खुलतात. मावशींचा पडला.

"चालत घरी? मग निजायचं कवा?"

"निजायची गरजच नाही. उलट चालायचंच असतं."

"आमच्या जावंच्या शिरा चिरून काढल्या व्हत्या. म्हैनाभर खाटंवर. पानीसुदिक हातात मिळायचं." मग त्यांनी विचारलं, "तसलं न्हाई का तुमच्याकडं?"

मला हसू आलं आणि लगेच हसल्याची लाज वाटली. डॉक्टरांनी लेझरच सुचवलं होतं. मावशींनी मात्र सगळ्या उपचारांची तुलना आपल्या पद्धतीनं केली.

"तीन खेपा म्हंजी तीन दिस खाडा. दवाखान्याच्या खाड्याला कोन काय म्हनत न्हाई. फेसच करा."

मोठी शीर पुन्हा उघडली तर जखमही परत होईल, हे मी एकदा समजावलं. नीट समजावलं, असं आज छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. संध्याकाळ झाली होती, माझेही पाय भरून आले होते आणि मला घरी जायचं होतं. डॉक्टरांनीही फार ताणलं नाही.

तीन मंगळवार त्या आल्या. इंजेक्शन झालं की सांगितल्याप्रमाणे थोडं चालायच्या, मग कोपऱ्यातल्या बाकावर पाय वर घेऊन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायच्या आणि तिथंच झोपायच्या. पार दवाखाना बंद होईपर्यंत. घरी का जात नाही, असं एकदा विचारलं.

"घरी गेलं की चूल हाय, धुनं हाय. हितं कोन हाक मारत न्हाई."

मग आम्हीही त्यांना उठवत नव्हतो. दोन-अडीच महिन्यांत जखम भरली आणि मावशी यायच्या थांबल्या.

वर्षानं परत आल्या. या वेळी न सांगताच खुर्चीवर बसल्या आणि पाय पुढं केला. पट्टी सोडली तर जखम पहिल्यापेक्षा मोठी.

"मावशी, माझं चुकलं. तेव्हाच मी लेझरचा हट्ट धरायला हवा होता."

"तुमचं काय चुकलं? मीच म्हनले व्हते." त्यांचा चेहरा खुलला होता. "मग, परत तीन मंगळवार का?"

"नाही. आता लेझरच. एका दिवसाचं काम."

त्यांनी पुढं केलेला पाय मागं घेतला.

"एकच का?" त्या म्हणाल्या. "मग सकाळी लवकर बोलवा, ताई. दिवस तेवढा मोठा मिळंल."