साडभाऊ आणि तीन नकली तारा

आमच्या साडभाऊंना, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, जगात कुठलीही गोष्ट सैल असलेली खपत नाही. नेरला त्यांचं कपाशीचं वावर आहे आणि कुंपणाची तार अशी ताठ, की रानडुकरं दुरूनच वाट बदलतात. यवतमाळला आमच्याकडे आले की चहाआधी कपडे वाळत घालायची दोरी ओढतात. मागच्या खेपेला दोरीबरोबर खिळा आणि खिळ्याबरोबर मूठभर प्लास्टर हातात आलं, तर मलाच म्हणाले, "भिंत ढिली हाय तुमची."

मुलीच्या बाबतीतही त्यांनी तेच केलं, आणि ती सुटली. पुण्याच्या एका शाळेत संगीत शिकवायला गेली. वर्षभर बापलेकीत बोलणं नव्हतं. मग आईकडे निरोप आला, रविवारी येते, माझी गिटार घेते आणि संध्याकाळच्याच गाडीने निघते. साडभाऊंनी निमूटपणे गिटार पुसायला काढली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात हजर. "भाऊ, दुकानदारानं पोरीले फसवलं. सहापैकी तीनच तारा खऱ्या हायेत, तीन मासोया धरायच्या दोऱ्याच्या! ती यायच्या आत सगळ्या खऱ्या लावून देतो. राग नाही म्हणून समजंल तिले."

मी एकेकाळी पेटी वाजवायचो, एवढ्यावरून मला तज्ज्ञ नेमून ते वाद्यांच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने विचारलं, "गिटार कोणती?" साडभाऊ म्हणाले, "लाकडाची." मग त्याने समजावलं, की क्लासिकल वेगळी आणि अकूस्टिक वेगळी, एकीची मान रुंद, दुसरीची अरुंद, एकीला नायलॉन, दुसरीला स्टील. मला दोन्ही भिंतीवर जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. क्लासिकल म्हणजे शास्त्रीय, तर तिच्यावर भूप वाजतो का, असं मी विचारलं, तेव्हा त्याने आमच्यापुढे हात टेकले. साडभाऊंनी स्टीलचा अख्खा संच घेतला.

नेरला जाऊन त्यांनी माझ्यासमोर सहाही तारा चढवल्या आणि कुंपण आवळावं तशा आवळल्या. पहिला झंकार असा खणखणीत, की समोरची म्हातारी ओसरीवर आली. "आता कशी बोलली!" म्हणत त्यांनी आणखी अर्धा पीळ दिला, आणि कटकन आवाज झाला. तारा ज्या पट्टीला अडकवतात ती पट्टीच गिटारीच्या पोटावरून उखडली. हा दांडगा माणूस मटकन खाली बसला. "आता तं ती पुन्हा येतच नाही, भाऊ," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. तज्ज्ञ मीच होतो ना.

रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज इतका हळू, की मला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. मुलगी आली होती. यांनी सगळा गुन्हा कबूल केला, तर ती आधी रडली, मग हसली. नायलॉनच्या गिटारीला स्टीलचा ताण सोसत नाही, म्हणाली. "त्या तीन खऱ्या तारा बी आतून दोऱ्याच्याच निंगाल्या, भाऊ. वरून तार गुंडायली होती." हे मला अजूनही नीटसं समजलेलं नाही.

"आता काय करून राह्यली ती?"

"डिंक लावून पट्टी बसवली. वाळेस्तोवर थांबते म्हणे, उद्याच्या गाडीनं जाते." मग त्यांनी विचारलं, "भाऊ, डिंक आठ दिवस वाळू नाही, असं काही करता येते काय?"