तीन जोड मोजे

मे महिन्यात दुपारी दोन वाजता मामा आमच्या गच्चीवर अनवाणी उभे राहत. नागपुरात त्या वेळी चप्पल घालूनही गच्चीवर जायला माणूस दोनदा विचार करतो. माझी बायको सुनंदा कुरडया वाळत घालायची आणि त्या उलटायचे काम मामा आपणहून घ्यायचे. एकदा मी घड्याळ लावून पाहिले. पारा पंचेचाळीसच्या वर होता आणि मामा अकरा मिनिटे उघड्या सिमेंटवर फिरत होते. खाली आले तेव्हा शेजारचे दोघे-तिघे जिन्यात कौतुकाने उभे. "कोळशाचे पाय आहेत हे," मामा म्हणाले, "याले चटका लागत नाही." सगळे हसले. मीही हसलो. उन्हाला न भिणाऱ्या माणसाला आमच्याकडे मान मिळतो. त्याला डॉक्टरकडे न्यावे असे कोणाच्या मनात येत नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ. कन्हानजवळच्या कोळसा खाणीत एकतीस वर्षे जमिनीखाली काम करून निवृत्त झालेले. मामी लग्नानंतर चार वर्षांनी गेली, मूल नव्हते. माझे वडील वारले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मामांनी आईला आणि मला आपल्या क्वार्टरमध्ये आणले. पाळीवरून आले की अंगणात हातपाय धुता धुता ते मला पाढे विचारत. सतराचा पाढा चुकला तर ओरडत नसत, मारत नसत, फक्त "पुन्हा" म्हणत. मी पुढे लेखापरीक्षक झालो, दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढू लागलो, ती सवय त्या अंगणातली. आई गेल्यावर मामा कन्हानला एकटेच राहत आणि महिन्यातून दोनदा आमच्याकडे येत.

खाणीतल्या गोष्टी ते फारशा सांगत नसत. एक मात्र पुन्हा पुन्हा सांगत. छताला आधार म्हणून लाकडाचे खांब लावलेले असतात. छत बसायच्या आधी ते लाकूड करकर वाजते. "लाकूड बोलते गा," मामा म्हणत. "आधी हळू बोलते, मंग जोरानं. ज्यानं ऐकलं तो वर आला." त्यांच्या एका सोबत्याने ऐकले नव्हते. त्याचे नाव घेतले की मामा उठून नळ बंद आहे की नाही ते पाहून येत.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास सुनंदाच्या हातून काचेचा पेला फुटला. तिने झाडून घेतले, पण एक तुकडा राहिला असावा. मामा स्वयंपाकघरातून पाणी पिऊन आले आणि दिवाणावर बसून पेपर वाचू लागले. पूर्वा, आमची अकरा वर्षांची मुलगी, ओरडली, "आजोबा, फरशी!" स्वयंपाकघरापासून दिवाणापर्यंत उजव्या पायाचे सात लाल ठसे उमटले होते. मामांनी पाय वर करून पाहिला, तुकडा उपटला आणि म्हणाले, "हे माहे आहेत का? मले वाटलं सूनबाईनं रांगोळी काढली." आम्ही तेव्हाही हसलो, पण सुनंदा लवकर थांबली.

तिच्या आग्रहाने मी त्यांना रामदासपेठेत एका डॉक्टरांकडे नेले. साखर निघाली, आणि ती आजकालची नव्हती. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या बारीक दोऱ्याने प्रत्येक तळव्याला दहा ठिकाणी टोचले. जिथे कळेल तिथे 'हो' म्हणायचे. वीसपैकी पाच वेळा मामा 'हाव' म्हणाले. त्यातल्या दोन वेळा दोरा पायाला लागलाच नव्हता. ते मी मोजले, डॉक्टरांनीही मोजले. मामांना मात्र आपण पास झालो असे वाटले.

आमचे डिसेंबरात बर्फ पाहायला जायचे ठरलेले होते. आजोबा आलेच पाहिजेत असा पूर्वाचा हट्ट होता. मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, गोळ्या नीट घेतल्या तर जाऊ द्या, पण पायांचे तीन नियम पाळा: कोरडे ठेवा, उबदार ठेवा आणि रोज रात्री मोजे काढून तळवे, बोटे डोळ्यांनी पाहा. तिन्ही गोष्टी मी डायरीत लिहून घेतल्या.

मग मी यादी केली. उभ्या रकान्यात चार माणसे, आडव्या ओळींत वस्तू. विमानात माणशी पंधरा किलो सामान चालते, म्हणून प्रत्येक कपडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहिले. गरम बनियन दोन, स्वेटर दोन, जाड जाकीट एक, कानटोपी, हातमोजे. मामांच्या रकान्यात मी सगळ्यांपेक्षा जास्त आकडे घातले. कोरडे, म्हणून जास्तीचे मोजे. उबदार, म्हणून लोकरीचे. तिसरा नियम बॅगेत भरण्यासारखा नव्हता. तो यादीत आला नाही.

मामा कन्हानहून आले ते एक कापडी पिशवी घेऊन. त्यात एक स्वेटर, एक मफलर, गोळ्यांचा डबा.

"मोजे किती आणले?" मी विचारले.

"पायात आहेत ना."

"मामा, यादीत सहा जोड आहेत."

"तुह्या यादीत माणसाचं नाव आहे का गा, का फक्त कपड्याचंच?"

"आहे ना. तुमचं सगळ्यात वर आहे."

"मंग काढून टाक अन् मले घरी राहू दे," ते म्हणाले, आणि पूर्वाने त्यांच्या पाठीवर बुक्की मारली.

शनिवारी आम्ही जरीपटक्याच्या बाजारात गेलो. नागपुरात त्या दिवशी लोक बिनबाह्यांच्या स्वेटरात फिरत होते आणि आम्ही उणे तापमानाचे कपडे मागत होतो. दुकानदाराने लोकरीच्या मोज्यांचा ढीग टाकला. "अंकल, ये पहनो, बर्फ में भी पसीना आएगा."

"पसीनाच पाहिजे त नागपूर काय वाईट आहे?" मामा म्हणाले.

सुनंदाला पांढरे मोजे आवडले होते. मी गर्द मरून घेतले, कारण त्यावर मळ दिसत नाही. हा निर्णय माझा होता.

बर्फाच्या ठिकाणी जायच्या वाटेवर भाड्याने कोट आणि गमबूट देणाऱ्या टपऱ्या होत्या. सकाळचे साडेनऊ, मोबाइलवर उणे सहा. मामांनी गमबूट हातात घेतले आणि ओळखीचा माणूस भेटावा तसे ते उलटेसुलटे पाहिले. "एकतीस वर्षं हेच घातले," ते म्हणाले. मग आत हात घालून चाचपले. "आठ नंबर. एक मोजा पुरे आहे. बुटात बोटं हालली पाहिजे गा, नाही त पाय खराब होते."

"मामा, खाणीत गरम असते. इथे उणे सहा आहे."

"असू दे ना. मले थंडी वाजत नाही."

"तुम्हाला काहीच वाजत नाही, तोच तर त्रास आहे. बसा."

मी त्यांना बाकावर बसवले आणि समोर बर्फात गुडघे टेकले. एक जोड चढवला. त्यावर दुसरा. मामा काही बोलले नाहीत. मी वर पाहिले नाही. मला उशीर झाला होता आणि गाडीवाला हॉर्न देत होता. तिसरा जोड ताणून चढवला. मग टपरीवाल्याने आणि मी मिळून ते बूट त्यांच्या पायात ओढून बसवले. मी विचारले, "टोचते का कुठे?"

"नाही," मामा म्हणाले. ते खरे होते.

त्या दिवशी मामा साडेतीन तास बर्फात चालले. पूर्वाने त्यांच्यावर गोळे फेकले, त्यांनी तिच्यावर. त्यांचे पंधरा-वीस फोटो आहेत. कुठल्याच फोटोत ते लंगडत नाहीत. दुखले असते तर ते थांबले असते, बसले असते, मला दोन शिव्या दिल्या असत्या.

संध्याकाळी हॉटेलात मोजे ओले निघाले. बर्फ आत गेला असणार, असे मी म्हणालो. कोरडे ठेवा, हा नियम मला पाठ होता. मी ते तिन्ही जोड हिटरसमोर खुर्चीच्या पाठीवर ओळीने वाळत घातले आणि मामांना सकाळसाठी दुसरे तीन काढून ठेवले. मामा रजई ओढून झोपले होते. त्यांच्या पायांवरून रजई बाजूला करून पाहावे, एवढेच करायचे होते. सकाळी वाळलेले मोजे बोटांपाशी पापडासारखे कडक झाले होते. मी ते चोळून मऊ केले आणि पुन्हा वापरायला ठेवले. असे तीन दिवस गेले.

परतीच्या विमानात पूर्वा म्हणाली, "आजोबा, कसला तरी वास येतोय."

"तुह्या बापानं घेतलेल्या मोज्याचा," मामा म्हणाले.

नागपूरला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. सुनंदाने पायावर पाण्याची पट्टी ठेवायला म्हणून मोजा काढला आणि मला हाक मारली. तिने माझे नाव घेऊन हाक मारली. लग्नाला सतरा वर्षे झाली, ती कधी माझे नाव घेत नाही. उजव्या पायाची करंगळी काळी होती. शेजारच्या बोटाचे कातडे मोज्याला चिकटून निघाले होते.

आधी दोन बोटे काढली. नऊ दिवसांनी अर्धे पाऊल. त्यानंतर गुडघ्याखालून पाय. प्रत्येक वेळी सहीला कागद माझ्यासमोर आला आणि मी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचून सही केली.

पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधी एक तरुण डॉक्टरीण माहिती लिहून घेत होती. बूट घट्ट होते का, तिने विचारले. मामा म्हणाले, तीन मोजे होते ना आत. "तीन? कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तोंड उघडले होते.

"कोण सांगते मले?" मामा म्हणाले. "मीच घातले. मी ऐकतो का कोणाचं?"

तिने तसे लिहून घेतले. तीस वर्षे मी लोकांच्या कागदांवर लाल पेनाने खुणा केल्या. तो कागद माझ्यापासून दोन हातांवर होता आणि मी गप्प राहिलो.

फेब्रुवारी संपता संपता मामा गेले. विष रक्तात उतरले होते. शेवटचे चार दिवस ते शुद्धीवर नव्हते, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचे राहून गेले. बोलण्यासारखे दोन महिने त्याआधी होते, हेही खरे आहे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कन्हानला त्यांच्या वस्तीतल्या विहारात झाला. वंदना झाल्यावर एकेक जण उठून बोलू लागला. मामांनी कोणाच्या मुलाला शाळेत घातले, कोणाला रक्त दिले. आणि जवळजवळ प्रत्येकजण शेवटी म्हणे, "पण हट्टी माणूस. ऐकलं असतं त आज असता." एक नातेवाईक तर म्हणाले, "भाचा बिचारा सांगून थकला असन, पण याने तीन-तीन मोजे कोंबले."

मी उठलो. म्हणालो, "त्यांनी कोंबले नाहीत. ते एकच म्हणत होते. मी घातले. या हातांनी. आणि रोज पाय पाहायला सांगितले होते, ते मी पाहिले नाहीत. दवाखान्यात त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी ते तसंच राहू दिलं."

सुनंदा खाली पाहत होती. मग मागच्या रांगेतून मेश्रामकाका उठले. ते मामांचे खाणीतले जोडीदार, वीस वर्षे एका पाळीत होते. दवाखान्यात ते दर रविवारी यायचे.

"माहीत आहे आम्हाले," ते म्हणाले. "त्यानं सांगितलं होतं मले. मी त त्याले शिव्या दिल्या. म्हटलं, तू गमबुटात जिंदगी काढली, तुले माहीत होतं, मंग बोलला काहून नाही?" मेश्रामकाकांनी उपरण्याने तोंड पुसले. "तो म्हणाला, बोलणारच होतो गा. पण माह्या पायात आजवर कोणी मोजा घातला नव्हता. एवढा मोठा साहेब झालेला पोरगा बर्फात गुडघ्यावर बसून घालून राहिला होता. दोन झाले तवाच पुरे म्हणायचं होतं. मनात आलं, घालू दे अजून एक."

एवढे सांगून मेश्रामकाका खाली बसले. मी उभाच होतो.