बंद फोनवरची पाळत

देवगडजवळच्या एका गावात मी पोस्टमास्तर होतो, तेव्हा टेलिफोनचा बोर्ड माझ्या टेबलाशेजारीच होता. गावात फोन मोजके. कोणाला मुंबई हवी असली की जोडून मीच द्यायचो आणि पलीकडून आवाज आला की कानावरचं यंत्र काढून ठेवायचो. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, हा नियम.

एका चैत्रात पोलीस ठाण्याचे फौजदार आले. गावातल्या एका व्यापाऱ्याच्या आंब्याच्या पेट्यांतून गोव्याची दारू मुंबईला जाते, असा त्यांना वहीम होता. या व्यापाऱ्याने बागेतल्या मांगरात, पेट्या भरायच्या जागी, फोन घेतला होता.

"त्याचे ट्रंककॉल ऐका आणि मला लिहून द्या."

"सरकारचा लेखी हुकूम आणा, लगेच ऐकतो."

"मी वर्दीत समोर उभा आहे, ते दिसत नाही?"

"दिसतं. पण ते फायलीला लावता येत नाही."

फौजदार भडकले. "माल निसटला तर तुम्ही सामील होता असं वर कळवीन. नोकरी जाईल, मास्तर."

हुकमाशिवाय ऐकलं असतं तरी ती जाणारच होती, आणि घरात कमावता मी एकटा. मी एक वही सुरू केली. कोणता कागद कधी आला, कधी गेला, सगळं तिच्यात.

फौजदारांचा अर्ज वर गेला आणि परत आला: फोन कोणाच्या नावावर? कळवलं. पुन्हा परत: संशयाचं कारण थोडक्यात लिहा. लिहिलं. तिसऱ्यांदा परत: कारण फार थोडक्यात आहे.

इकडे व्यापारी रोज ओरडायचा, "मास्तरांनू, वायच बेगीन लावा, आंबे पिकान पडतीत!" मी जोडून द्यायचो. तो दारूचं बोलायचा की दराचं, मला आजही ठाऊक नाही.

हुकूम आला तो आषाढात. लाखेचा शिक्का, वर 'अत्यंत तातडीचे'. महिनाभर त्या फोनवरचं सगळं ऐकून रोज अहवाल द्यायचा. पण हंगाम संपला की व्यापारी दरवर्षी फोन बंद करायचा. कारण न सांगता मी लाईनमनला त्या लाईनीचं विचारलं.

"तिचा काय होवचा? यंत्र तुमच्याच कपाटात आसा मां!"

मी फौजदारांना म्हटलं, हुकूम रद्द करून घ्या.

"त्यालाही वरची मंजुरी लागते. करू अर्ज?"

"नको," मी म्हणालो. महिनाभर रोज लिहिलं: संभाषण निरंक.

भाद्रपदात माझीच चौकशी लागली. फौजदारांनी बोलल्याप्रमाणे कळवलं होतं. आलेल्या साहेबांपुढे मी वही ठेवली. त्यांनी तारीखवार सगळी वाचली.

"उशीर तुमच्याकडून झालेला नाही. तुमच्यावर ठपका येत नाही."

मी वही परत घ्यायला हात पुढे केला.

"पण प्रकरण गोपनीय. ही वही ठेवायची परवानगी कोणी दिली?"

"कोणीच नाही."

"मग ती जप्त." वही त्यांनी पिशवीत टाकली. माझी नोकरी वाचवणारा एकमेव पुरावा दाराबाहेर निघाला होता.

"साहेब, पोच द्या."

"कशाची?"

"वहीची."

ते कुरकुरले, पण उभ्या उभ्या दोन ओळी खरडून सही केली. ते गेल्यावर मी नवी वही सुरू केली आणि पहिल्या पानावर ती पोच डकवली.