भाऊजींचं राहून गेलेलं बीजगणित

सगळं आयुष्य उलट्या क्रमाने जगलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या मावसबहिणीचा नवरा होता. भाऊजी वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत, जेवताना आधी ताकभात संपवून मग माशाच्या कालवणाकडे वळत, आणि कुणी हटकलंच तर म्हणत, "अरे, पोटात जाऊन सगळं एकच होणार ना?" शिक्षणाचंही त्यांनी तेच केलं. आधी नोकरी धरली, मग कॉलेजात नाव घातलं, आणि कॉलेजात पोचल्यावर त्यांना शाळा शिकावी लागली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बहरीनला जुफैरमध्ये एका खोलीत आम्ही पाच जण राहत होतो. भाऊजी जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत पाइपफिटर होते. दोन पाइप कुठल्या कोनात कापले म्हणजे चपखल बसतील, हे ते एक डोळा मिटून सांगत, आणि नंतर कोनमापक लावला की तो बिचारा ओशाळा व्हायचा. डोळा मिटायची त्यांना इतकी सवय झाली होती, की नव्या माणसालाही ते तसंच डोक्यापासून पायापर्यंत मापून घेत. वाण्याच्या बायकोला त्यांनी एकदा असं मापलं, तेव्हापासून आम्हांला दोन गल्ल्या पलीकडून तांदूळ आणावे लागले.

पण एवढा हात असूनही ते सुपरवायझर होऊ शकत नव्हते. त्याला डिप्लोमा लागे. आणि सुपरवायझर झाल्याशिवाय फॅमिली व्हिसा नव्हता. ताई आणि दोन मुली राजापूरकडच्या गावात होत्या. भाऊजी दोन वर्षांनी एकदा रजेवर जात. मागच्या खेपेला धाकटी त्यांना बघून दाराआड लपली आणि आत जाऊन म्हणाली, "आई, पाव्हणे आलेत." ही गोष्ट त्यांनी आम्हांला हसत हसत सांगितली, आणि त्याच आठवड्यात संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं.

कॉलेजने अनुभव बघून घेतलं खरं, पण पहिली सहामाही झाल्यावर तिथल्या क्लार्कने फाइल उघडली. शाळेच्या दाखल्यावर बीजगणित नव्हतं, भूमिती नव्हती. "आमचे गणिताचे मास्तर मे महिन्यात लग्नाला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत," भाऊजींनी खुलासा केला, "हेडमास्तरांनी मग सगळ्या वर्गाला साधं अंकगणितच दिलं." क्लार्कला मास्तरांच्या लग्नाशी कर्तव्य नव्हतं. दोन वर्षांत शाळेचे दोन्ही विषय सोडवा, नाहीतर प्रवेश रद्द, एवढंच तो म्हणाला.

जवळच्या अदलिया भागात वसईच्या एक बाई राहत. हॉस्पिटलच्या ऑफिसात काम करत आणि शुक्रवारी सकाळी आठवी-नववीच्या मुलांची शिकवणी घेत. त्या मुलांत भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून मांडी ठोकून बसू लागले. पहिल्याच दिवशी बाईंनी दोन कोन समान आहेत हे सिद्ध करायला सांगितलं. "सिद्ध कशाला करायचं? दिसतंय की!" भाऊजी म्हणाले. "दिसतंय असं पेपरात लिवलं तर मार्क नाय भेटत," बाई म्हणाल्या, "कारण लिवा." भाऊजींनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'पंधरा वर्षांचा अनुभव'. तरीही दुसऱ्या खेपेला भूमिती सुटली.

बीजगणित मात्र सुटेना. ज्याची किंमतच ठाऊक नाही त्या 'एक्स'ने दोन्ही बाजूंना भागायचं, हे त्यांच्या मनाला पटत नसे. एकदा मजुरांच्या गणिताचं उत्तर उणे सात आलं. मी म्हटलं, "भाऊजी, चुकलंय." ते म्हणाले, "चुकलं कसं? आमच्या कंपनीत असलीच माणसं आहेत." नापास झाले की ते घरातले नळ खोलून, पुसून परत बसवत. तिसऱ्यांदा नापास झाले तेव्हा अख्ख्या इमारतीत एक नळ गळत नव्हता. मुदतीतली आता एकच परीक्षा उरली होती. त्या सहा महिन्यांत ते जेवताना, चालताना पुटपुटत असायचे. शेवटी बाईच म्हणाल्या, "आता तुमी पास."

परीक्षेच्या दिवशी ते पहाटेची शिफ्ट करून थेट कॉलेजात येणार होते. पेन आणि हॉल तिकीट घेऊन मी फाटकाशी उभा राहिलो. घंटा झाली, मुलं आत गेली. फाटकावरच्या माणसाला मी दोनदा थांबायची विनंती केली. मग पेपर सोडवून मुलं बाहेर आली, तरी भाऊजींचा पत्ता नव्हता. ऐन वेळी एका टँकर-जहाजाचा पाइप फुटला होता, आणि नुकताच डिप्लोमा घेऊन आलेला सुपरवायझर म्हणाला होता, "आज छुट्टी मफी, सुटी नाही. तुमच्याशिवाय हे कोण करणार?" भाऊजी खोलीवर आले तेव्हा कोपरापर्यंत काळे झाले होते. "पाइप बसला," एवढंच बोलले.

सहा महिन्यांनी ते पुन्हा बसले आणि चांगल्या मार्कांनी पास झाले. निकालाचा कागद घेऊन आम्ही दोघं कॉलेजात गेलो. क्लार्कने तारीख बघितली. माणूस भला होता, त्याने आधी चहा मागवला आणि मग म्हणाला, "मुदत खलास."

"पण आता येतं मला," भाऊजी म्हणाले.

त्याने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

घरी मात्र त्यांनी पास झाल्याचंच कळवलं. मुदत संपल्याचं लिहिलं नाही. ताईचं उत्तर आलं: पेढे वाटले, धाकटीने शाळाभर सांगितलं, तिकडे रिफाला घर बघितलंत का, आम्हांला पावसाच्या आत येता येईल का. भाऊजींनी ते वाचून माझ्याकडे दिलं. "कसं सांगायचं रे तिला?"

पुढच्या शुक्रवारी ते नेहमीसारखे अदलियाला निघाले. "आता कशाला?" मी विचारलं.

"थोरलीला यंदा बीजगणित लागलंय. गावच्या शाळेत मास्तर आहे-नाही कुणी सांगावं. मी पत्रातून शिकवीन म्हणतो."

मग दर पंधरवड्याला जाड पाकीट जाऊ लागलं. टपालात टाकायला ते माझ्याकडेच देत, कधी उघडंच. आत पानंच्या पानं उदाहरणं असत, ओळीखाली ओळ, प्रत्येक पायरीचं कारण बाजूला नीट लिहिलेलं. शेवटी ताईला दोन ओळी: तब्येत ठीक, उकाडा फार. घराबद्दल त्यांत कधीच काही नसायचं, आणि पुढे पुढे तिकडूनही कुणी विचारेनासं झालं.