अक्काच्या कपाळाचा रंग

शिरूर अनंतपाळला आमच्या अप्पांचं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, पिना, आणि काचेच्या कपाटात पावडरचे डबे. अप्पा सातवी शिकलेले. डब्यामागची बारीक इंग्रजी अक्षरं त्यांना लागायची नाहीत. मी आठवीत गेले तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. एखादी बाई विचारायची, "ह्याच्यात काय काय हाय हो?" अप्पा डबा माझ्याकडे सरकवायचे आणि मी मोठ्यानं वाचायची, "टाल्क, मायका, झिंक स्टिअरेट." त्यातलं मला काही कळत नव्हतं, बाईलाही नाही. पण बाई डबा घेऊन जायची, आणि अप्पा माझ्याकडे असे बघायचे की मला अजून दोन डबे वाचावेसे वाटायचे.

कळलं ते नांदेडला बी.एस्सी.ला गेल्यावर. रसायनशास्त्राच्या मॅडमनी एकदा प्रत्येकीला घरातल्या एका वस्तूमागची यादी उतरवून आणायला सांगितली. मी चेहऱ्याच्या पावडरची नेली. मॅडमनी ती फळ्यावर लिहून तासभर समजावली. जे जास्त असतं त्याचं नाव आधी येतं. टाल्क म्हणजे दगडच, पण नखानंही खरवडला जाईल इतका मऊ, म्हणून पावडर बोटाखाली सरकते. मायका म्हणजे अभ्रक, चमक त्याची. केओलिन ही पांढरी माती, ती चेहऱ्याचं तेल पिते. टायटॅनियम डायऑक्साइड डाग झाकतो, भिंतीच्या रंगातही तोच असतो. आयर्न ऑक्साइड तांबडे, पिवळे आणि काळे. आपला गेरू तांबडा असतो तो त्याच्यामुळेच, आणि या तिन्हींच्या कमीजास्त मिश्रणातून माणसाच्या कातडीचा जवळजवळ प्रत्येक रंग उतरवता येतो. झिंक स्टिअरेट पावडरला कातडीवर धरून ठेवतं आणि पाण्याला लांब ठेवतं, म्हणून घाम आला तरी ती लगेच ओघळत नाही.

ती वही माझ्याकडे अजून आहे. मॅडमचे माझ्यावर उपकार आहेत. पुढं जे झालं त्यात त्यांचा काही दोष नाही.

मॅडमहून मोठे उपकार अक्काचे. ती चार वर्षांनी मोठी. बारावीनंतर दोघींतल्या एकीलाच शिकायला बाहेर ठेवणं अप्पांना जमणार होतं. स्वतःची बारावी झाली तेव्हाच अक्का म्हणाली, "पुढं हिला पाठवा. मला दुकान आवडतंय." तिला दुकान आवडत होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

आम्ही लिंगायत. सकाळी आंघोळ झाली की कपाळाला विभूतीची तीन बोटं, मग लिंगपूजा, मग चहा. अक्काला पांढरा डाग उठला तो नेमका त्या तीन बोटांच्या खाली. कित्येक महिने कुणाच्या लक्षातच आलं नाही. संध्याकाळी तोंड धुऊन ती आली की आई म्हणायची, "अगं, कपाळ नीट पूस की. इबुत तशीच हाय." अक्का टॉवेल घेऊन घासायची. कपाळ लाल व्हायचं, मधला पट्टा पांढराच राहायचा. मग एका सुट्टीत मी घरी असताना तो उजेडात बघितला, आणि आम्ही तिला लातूरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कोड आहे. कुणाला लागत नाही, दुखत नाही, औषध बरेच दिवस घ्यावं लागेल. औषध घेता घेता डाग विभूतीच्या पट्ट्याबाहेर भुवईपर्यंत उतरला.

स्थळं आली तेव्हा अप्पांनी पहिल्या तिघांना आधीच सांगितलं. तिघांनीही चहा घेतला, कळवतो म्हणाले, आणि कळवलं नाही.

चौथं स्थळ उदगीरचं. मुलगा एका शाळेत क्लार्क होता. त्याला आई नव्हती, आत्यानं वाढवलेला. मध्यस्थांनी दोघांना फोनवर बोलू दिलं. तीन-चारदा बोलले असतील. फोन ठेवल्यावर अक्का दुकानातली टिकल्यांची पाकिटं उगाच रंगाप्रमाणं लावत बसायची. मी विचारलं, "काय बोलतो गं?" ती म्हणाली, "शाळेतल्या घंटेची दोरी तुटली म्हणं. आता ताट वाजवायलेत." आणि हसतच राहिली. तिला असं हसताना मी खूप दिवसांनी बघत होते.

बघायला यायचं ठरलं तेव्हा ती मला म्हणाली, "त्याला सांगून टाकू का?"

आई मध्येच म्हणाली, "आधी बघून तर जाऊ दे. पसंत पडल्यावर सांगू."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. घरात शिकलेली मी होते. मी म्हणाले, "तू काळजी करू नकोस. मी असा रंग जुळवते की कुणाला समजणार नाही."

मी दुकानातले सगळे डबे जमिनीवर मांडले आणि मागच्या याद्या वाचल्या. एक पावडर फार तांबडी होती, एक फार पिवळी. साधी पांढरी पावडर मिसळली की सगळं राखेसारखं दिसायचं. आई वेलदोडे कुटते त्या खलात मी दाबून बसवलेल्या पावडरच्या दोन-तीन वड्या फोडून बारीक केल्या, थोडं थोडं मिसळून अक्काच्या गालाशी लावून बघितलं. उन्हाळा होता, घाम येणार, म्हणून ज्यात झिंक स्टिअरेट होतं त्याच वड्या निवडल्या. दुसऱ्या दिवशी रंग जुळला. आईनं अक्काला दारात उभं करून बघितलं, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, माझ्या शिक्षणाचा या घराला आज पहिल्यांदा उपयोग झाला.

पाहुणे यायच्या आधी अक्कानं विचारलं, "विभूती?"

"आजच्या दिवस राहू दे," मी म्हणाले. "रंग हलेल."

ते पाच जण आले. मुलगा आवाजावरून वाटला तसाच होता, जरा लाजरा. अक्काला बघून तो म्हणाला, "घंटा बसवली," आणि ती खाली बघून हसली. बाकी कुणाला काही कळलं नाही. आत्या मोकळ्या स्वभावाच्या. आईला म्हणाल्या, "पोरगी गोड हाय तुमची. आमचं येडं आठ दिवस झाले भांग पाडायलंय." सगळे हसले. मी स्वयंपाकघराच्या दारातून मुलाकडे बघितलं. तो कान लाल करून बसला होता.

जेवणाआधी पाहुण्यांनी आपापली लिंगपूजा केली. आत्यांनी विभूतीचा खडा ओल्या तळहातावर उगाळला, घरातल्या सगळ्यांना लावत अक्कापाशी आल्या.

"कपाळ मोकळं कसं काय बाई तुझं?"

आई म्हणाली, "गडबडीत ऱ्हायलं."

"असू दे, मी लावते."

त्यांनी तीन बोटं ओढली. विभूती बसेना. ओल्या राखेचे थेंब झाले आणि भुवईवर ओघळले. आत्यांनी परत बोटं ओढली. परत तसंच.

"कपाळाला तेल लावून आलीस का काय गं?" त्या हसत म्हणाल्या. तांब्यात पदराचं टोक बुडवलं, आणि लेकराचं तोंड पुसावं तसं अक्काचं कपाळ पुसायला लागल्या. एकदा, दोनदा, मग जोरात. मला त्यांना थांबवायचं होतं. काय म्हणून थांबवणार होते?

पदर तांबूस झाला. कपाळ पांढरं निघालं.

आत्यांचा हात थोडा वेळ तिथंच राहिला. मग त्यांनी परत तळहातावर विभूती उगाळली आणि त्या पांढऱ्यावर सावकाश तीन बोटं ओढली.

"आता बसली," त्या म्हणाल्या.

जेवण न करता उठायला नको म्हणून ते जेवले. मुलानं ताटातून मान वर केली नाही. निघताना आत्या आईला म्हणाल्या, "पोरीत खोट न्हाई ओ. पण पयल्याच दिवशी लपवलंत."

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. अक्का दुकानात होती, मी तिच्या शेजारी. तो बराच वेळ बोलला. अक्का नुसती "हाव, हाव" म्हणत होती. फोन ठेवल्यावर मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी आत्याला समजावलं असतं, असं म्हणला."

खरंच समजावलं असतं का, ते कळायला आता काही मार्ग नाही. मी खूपदा विचार करते आणि प्रत्येक वेळी तिथंच येऊन थांबते. अक्का मला कधी काही बोलली नाही. एकदाच म्हणाली, "तू काय वाईट केलीस? रंग तर बरोबर जुळला होता."

त्यानंतर स्थळं आली नाहीत. अप्पांनीही बघणं सोडलं. मी एम.एस्सी. केलं. आता नांदेडला एका कॉलेजात तासिकेवर शिकवते. यादीचा तास मीही घेते, मॅडमनी घेतला होता तसाच. झिंक स्टिअरेटपाशी आले की फळ्याकडे तोंड करून बोलते.

डाग अक्काच्या गालांवर, गळ्यावर आणि हातांवर आले आहेत. कोड कुणाला लागत नाही, हे डॉक्टर म्हणाले होते ते आम्ही गिऱ्हाइकांना किती वेळा सांगितलं. तरी काही बाया तिच्या हातून बांगड्या भरून घेत नाहीत. "अप्पा न्हाईत का?" म्हणतात आणि बाकावर बसून राहतात. म्हणून सुट्टीत मी घरी गेले की अक्का खल पुढ्यात ठेवते. हातांची पावडर तासाभरात बांगड्यांच्या कागदांना लागून जाते, हे तिला माहीत आहे, मलाही आहे.

रंग जुळवायला पूर्वी गाल होता. मग मानेवरून घ्यायला लागले. या दिवाळीला मान पण गेली होती. अक्का माझ्याकडे पाठ करून दारातल्या उजेडात बसली आणि वेणी एका हातानं वर धरली. उजव्या कानामागं, केसांच्या कडेला, तिचा पहिला रंग अजून थोडा शिल्लक आहे. मी बोटावर पावडर घेऊन त्याच्या शेजारी धरली.

"जुळला का?" तिनं विचारलं.

"जरा पिवळा कमी पडतोय," मी म्हणाले, आणि परत खल ओढून घेतला.