नव्वद नंबरचं तेल

सोनीबाईने अर्धं आयुष्य ब्रह्मपुरीत तेलघाणीवर काढलं. जवसाचं तेल खवट झालंय की नाही, हे ती झाकण उघडायच्या आत सांगायची. माणसांचंही तसंच. त्यांनी तोंड उघडायच्या आत तिचं मत तयार, आणि बहुतेक वाईटच.

बचत गटाने तांदळाची पोती वाहायला बॅटरीवरची तीनचाकी मालगाडी घेतली आणि किल्ली सोनीबाईकडे आली. गटातल्या नंदिनीला ती स्वतःकडे हवी होती. "गाडीले काही झालं का, किल्ली माह्याकडे," असं तिने भर बैठकीत सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. तेव्हापासून गाडी जरा कुरकुरली तरी सोनीबाई खाली वाकून पाहायची.

मागच्या चाकांमधल्या गिअरचं तेल बदलायचं होतं. मुखरू मिस्त्रीने डबा फोडला. सोनीबाईने वास घेतला आणि नाकाला पदर लावला.

"काऊन जी मुखरूभाऊ, सडलेलं तेल माह्याच गाडीले?"

"बाई, नव्वद नंबरचं गिअर ऑइल आहे. असाच वास येते त्याले."

"मले तेल शिकवून राह्यले? जिंदगी गेली माही तेलात!"

"भजे नाई तळाचे, बाई. गिअरात टाकाचं आहे."

हा शिळा माल खपवतोय, यात तिला शंका उरली नाही. शेजारच्या दुकानातून तिने सोनेरी, पातळ, वासाला सभ्य असं इंजिन ऑइल आणलं. मुखरूने खांदे उडवून ते ओतलं. एवढ्या लवकर मानला कसा, हा आणखी एक संशय.

काही दिवसांत पोती लादली की गाडी मागून कण्हू लागली. मुखरू नंदिनीला सामील आहे, सोनीबाईने ठरवून टाकलं. बसने ती आरमोरीला गेली, मुखरूला कोणी ओळखणार नाही अशा दुकानात. तिथेही नव्वद नंबरचाच डबा पुढे आला. तिने सील तिथल्या तिथे फोडलं. तोच घाण वास!

"मुखरू तुमचा कोण लागते?"

"कोण मुखरू?" दुकानदार चक्रावला. "बाई, गिअरचे दात एकमेकावर घासतात. पातळ तेल तिथी टिकत नाई. यात गंधकाचं औषध असते, त्याचा वास आहे."

ती डबा घेऊन परतली. मुखरूने पातळ तेल काढलं, तर त्यात बारीक चमकी. तिने बोटांत चोळून पाहिली. लोखंडाचा कीस होता.

"दात शाबूत आहेत," मुखरू म्हणाला.

"कोण म्हणते?"

"मी."

"म्हणूनच इचारलं," म्हणत तिने टॉर्च हिसकावून स्वतः वाकून पाहिलं. नवं तेल भरायच्या भोकाच्या काठाशी येईपर्यंत ती जागची हलली नाही.

कुणीतरी कळवलंच असणार. नंदिनी हात पसरून हजर. "किल्ली."

"आधी चालवून पाहा. भरलेली."

नंदिनीने पोती लादून, कान टवकारून, राइस मिलपर्यंत फेरी मारली. गाडी मुकाट चालली. परत येऊन तिने किल्ली सोनीबाईच्या हातावर ठेवली.

"राहू द्या तुमच्याकडे. पण आता तेल बदलताना मी इथी उभी राहीन."

"काऊन? माह्यावर संशय?"

"होय."

सोनीबाईने किल्ली कमरेला खोचली. राग आलाच. पण ही पोरगी अगदीच वाया गेलेली नाही, असंही तिला वाटून गेलं.