आगबोटीचं जोडकाम

लग्न होऊन मी बोर्लीला आले तेव्हा आमच्या घरात सासरे आणि नवरा एकमेकांशी बोलत नव्हते. मामंजी बंदरावरून कारकून म्हणून रिटायर झालेले. त्यांनी चार लोकांचे उंबरठे झिजवून मुलाला मुंबईत सरकारी नोकरी लावून दिली होती. मुलाने ती सोडली आणि बोर्लीच्या बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं. तेव्हापासून अबोला. सासूबाई होत्या तोवर इकडचे निरोप तिकडे त्या पोचवत. त्या गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. लग्न ठरवताना कुणी सांगितलं नव्हतं, पण काम अवघड नव्हतं.

"सूनबाई, त्याला सांग, रहाट करकरतोय."

हे शेजारीच पानावर बसलेले असत. मी सांगायची, "रहाट करकरतोय म्हणतात."

"सांग, तेल घालतो."

मी तेही सांगायची. मामंजी पूर्ण ऐकून घेऊन मग मान हलवायचे.

गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता, तेव्हाची ही गोष्ट. माझा भाऊ परदेशी मालवाहू आगबोटीवर नोकरीला होता. सुटीत आला तो एक खोकं घेऊन. खोक्यावर खवळलेल्या समुद्रातली आगबोट रंगवलेली होती. आत आगबोट नव्हती. करड्या प्लास्टिकच्या चौकटी होत्या आणि त्यांना बारीक बारीक तुकडे लोंबत होते. करंज्या कातल्यावर कडा उरतात ना, तशा दिसत होत्या. एक डिंकाची नळी होती, इंग्रजी कागद होता आणि रंगाच्या तीन कुप्या होत्या. रंग वाटेत वाळून दगड झाला होता.

"ताई, हे जोडायचं असतं," भाऊ म्हणाला. "तिकडे मोठी माणसं फावल्या वेळात हेच करत बसतात."

"जोडलेलं मिळत नाही का?"

"मिळतं. पण मग करायचं काय?"

तो सुटी संपवून गेला आणि खोकं कपाटावर गेलं.

ते यांनी खाली काढलं. दुकान बंद असेल त्या दुपारी ओटीवर पाट मांडायचा, डोळ्याला घड्याळाचं भिंग लावायचं, पात्याने तुकडा कापायचा आणि चिमट्यात धरून डिंक लावायचा. डिंकाला असा उग्र वास होता की मांजराने ओटीवर येणं सोडलं. मामंजी झोपाळ्यावर बसून पेपर वाचत. पान मात्र उलटत नसत.

यांना इंग्रजी येत होतं, पण कागदावरचे जहाजाचे शब्द सरकारी कचेरीत कधी लागले नव्हते. एका शब्दावर गाडं अडलं.

"अगं, विचार, हे काय असतं?"

मी कागद झोपाळ्याकडे नेला. मामंजींनी चष्मा पुसला, कागद लांब धरला. "माल उतरवायच्या भोकावरचं झाकण. त्याला सांग, ती तशी चार दिसतात. आधी मोजून घे म्हणावं."

मी सांगितलं. यांनी मोजली. चार होती.

मग दर वेळी तेच होऊ लागलं. मी पाट आणि झोपाळा यांच्यामध्ये बसून भाजी निवडायची आणि मान इकडून तिकडे वळवायची. मामंजी वाचत, मी सांगायची, हे चिकटवत. शब्द माझ्याही तोंडात बसले. एकदा शेजारणीला मी म्हटलं, माझी पिशवी नाळेकडच्या कोनाड्यात आहे. नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक, हे तिला कुठून माहीत; ती बघतच राहिली.

धुराडं बसवायच्या दिवशी मी आत भात उतरवत होते. डिंक लावून झाला होता आणि तो डिंक कुणासाठी थांबत नसे. हे धुराडं टेकवणार, एवढ्यात झोपाळ्याच्या कड्या खणकन वाजल्या.

"अरे गाढवा, उलटं! उतार मागे हवा!"

"बघतो, बाबा."

मी पातेलं हातात धरून तशीच उभी राहिले. मग मामंजी म्हणाले, "आता दाब. हलवू नकोस." आणि हे म्हणाले, "नाही हलवत."

मी बाहेर आले तेव्हा मामंजी पाटाशी उकिडवे बसले होते आणि पेपर झोपाळ्यावर होता. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलंच नाही असं दाखवून भात झाला म्हणून सांगितलं. चुलीपाशी आल्यावर मात्र मला रडू आलं. का, ते कळलं नाही. धूर होताच, त्यामुळे कुणी विचारलंही नाही.

ते दोघं बोलायला लागले ते फक्त आगबोटीबद्दल. रहाटाचे निरोप माझ्याकडेच राहिले. पण पाटाशी मला काही काम उरलं नाही, म्हणून मी रंग हातात घेतला. वाळलेल्या कुप्यांचा उपयोग नव्हता. मासळी घेऊन दारात येणाऱ्या कोळणीला विचारलं, होडीचा रंग थोडा मिळेल का.

"कनाला गो? व्होडी घेतलीस काय?"

"आगबोट घेतली."

ती टोपली उतरवून आत येऊन बघून गेली. दुसऱ्या दिवशी करवंट्यांमधून लाल, काळा आणि पांढरा रंग घेऊन आली. "पोराच्या बापाला सांगलाय, बंदरावं आगबोट लागली हाय," म्हणाली. "तो बघाया येल."

होडीचा रंग दाट. तसाच लावला असता तर कठडे बुजले असते. टर्पेंटाइन घालून मी तो पातळ केला आणि घड्याळं साफ करायचा बारीक ब्रश यांच्याकडून घेतला. खाली लाल, वर काळा, वरच्या खोल्या पांढऱ्या. डेकवर यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, डिंकाने तिथलं प्लास्टिक विरघळलं होतं. मी त्यावर रंग दिला, तरी उजेडात दिसायचा. धुराड्याला पट्टा कोणता, यावर दोघांचं वाजलं. समोरासमोर, मोठ्याने. मी पट्टा पिवळा दिला. हळद नव्हे, पेंटरकडून मागून आणलेला खरा पिवळा.

आगबोट दुकानाच्या काचेच्या कपाटात गेली. मामंजींनी त्या दुकानात कधी पाऊल टाकलं नव्हतं. आता ते आगबोटीवरची धूळ झटकायला म्हणून दुपारी जायला लागले. पुन्हा धूळ बसेपर्यंत तिथेच थांबत.

मोहल्ल्यातली एक म्हातारी गजराचं घड्याळ घेऊन आली, तो प्रसंग यांनी मला घरी सांगितला. तिचा मुलगा बोटीवर होता. तिने काचेला बोट लावून विचारलं, "इस में लोग सोते किधर?"

मामंजींनी कपाट उघडून आगबोट बाहेर काढली. वरच्या पांढऱ्या खोल्यांपैकी एका गोल खिडकीवर नख ठेवलं. "इधर. हवा एकदम अच्छी लगती है."

खलाशी तिथे झोपत नाहीत. माझा भाऊ तळाशी, इंजिनाच्या बाजूला झोपायचा, आणि तिथे सदरा अंगावर वाळत नाही असं त्याने आमच्याच ओटीवर, यांच्यादेखत, मामंजींना सांगितलं होतं.

म्हातारी बराच वेळ ती खिडकी बघत राहिली. मग मामंजींनी यांच्याकडे वळून विचारलं, "काय रे, बरोबर ना?"

"बरोबर आहे, बाबा," हे म्हणाले, आणि तिचं घड्याळ उघडायला घेतलं.